आधी बाजार, मग खालची आळी

पालिकेचा पावसाळी गटारांचा विभाग म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची एक खोली, दोन टेबलं आणि दारं नीट न लागणारी तीन कपाटं. एका टेबलावर इंजिनिअर बाई बसत, दुसऱ्यावर नकाशे काढणारे काका. बाईंना सगळी पालिका नालेबाई म्हणायची, अगदी तोंडावरसुद्धा. त्यांना त्याचं काही वाटत नसे. वय त्रेचाळीस, लग्न केलेलं नाही. बाईंनी नाल्याशीच गाठ बांधलीय, हा विनोद इतक्यांदा झाला होता की आता करणाऱ्यालाही हसू येत नसे.

दोन वर्षं त्या शहरभर पाणी मोजत हिंडत होत्या. चार शाळांच्या गच्च्यांवर त्यांनी पर्जन्यमापक ठेवले, घरांच्या भिंतींवरच्या ओलीच्या रेघा पट्टीनं मोजल्या, कंबरभर गाळात उतरून मोऱ्यांची रुंदी घेतली. शहराजवळ पावसाळी गटारांसाठी पैसा कधीच नसे. रस्ता केला तर दिसतो, दिवा लावला तर दिसतो. जमिनीखालचा पाइप कोणाच्या डोळ्यांत भरणार? दरवर्षी अंदाजपत्रकात गटारांच्या नावापुढे जे काही पडे ते गाळ काढण्यातच संपून जाई. त्या वर्षी मात्र सरकारनं एक योजना आणली होती. शहरानं पावसाच्या पाण्याचा नीट आराखडा करायचा, कामांची क्रमवार यादी लावायची, आणि यादीतल्या पहिल्या कामाला सरकार बहुतेक सगळा पैसा देणार. फक्त पहिल्या. बाकीच्यांचं पुढं कधीतरी बघू.

यादी लावायला बाईंनी गुणांची पद्धत बसवली. घरात किती पाणी चढतं, वर्षातून किती वेळा, किती घरांत, त्या घरांतल्या किती माणसांना स्वतःच्या पायांनी बाहेर पडता येत नाही, आणि मालाचं नुकसान किती. प्रत्येक गोष्टीला ठरावीक वजन. बेरीज झाली तेव्हा खालच्या आळीला एक्याऐंशी गुण पडले आणि बाजाराला चौऱ्याहत्तर. बाकी सगळे साठच्या आत.

खालच्या आळीत बाईंचा धाकटा भाऊ राहत होता.

आळी शहराच्या उताराच्या अगदी टोकाला होती. वरच्या वस्त्यांचं पाणी बाजारातून येई, आळीच्या तोंडाशी रस्त्याखालच्या जुन्या मोरीत शिरे आणि पलीकडे नदीला मिळे. मोरी एवढी अरुंद, की माणूस वाकून जेमतेम आत जाईल. जोराचा पाऊस झाला की पाणी मोरीपाशी तुंबायचं आणि सरळ घरांत घुसायचं. भावाचा पुस्तकबांधणीचा धंदा होता. तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत लोखंडी दाबयंत्र, कागदाचे गठ्ठे आणि खळीचा आंबूस वास; मागच्या खोलीत भाऊ, भावजय आणि बाबा. बाबांना तीन वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता. डावी बाजू गेली होती, आणि बोलणं इतकं जड झालं होतं की घरच्यांनाच कळे.

शेजारच्या खोलीत इस्त्रीवाली मावशी राहायची, एकटी. भावजय बाहेर गेली की बाबांकडे तीच बघायची. मधलं दार उघडं टाकून एकीकडे इस्त्री करी आणि दुसरीकडे बाबांशी मोठ्यानं वाद घाली. जगातल्या कुठल्याही विषयावर वाद चाले, आणि शेवटी ती म्हणे, "गप्प बसलात ना? म्हणजे तुम्हाला माझं पटलं." बाबा उजव्या हातानं पलंगावर थापा मारत. ते हसत असत.

यादी तयार झाली त्या आठवड्यात बाई भावाकडे गेल्या. भावानं विषय काढला.

"ताई, टेकडीकडे तळमजल्याच्या दोन खोल्या रिकाम्या झाल्यात. भाडं जास्त आहे, आणि हे दाबयंत्र हलवायचं म्हणजे जीव जाईल. पण मागच्या पावसात बाबांच्या पलंगाला पाणी लागलं. काय करू? घेऊ का?"

"कशाला?" बाई म्हणाल्या. खूप दिवसांनी त्यांना काहीतरी चांगलं सांगता येत होतं. "यादीत तुमची मोरी पहिली आहे. पावसाच्या आधी काम उरकेल. थांब जरा."

मधल्या दारातून मावशीनं मान आत घातली. "म्हणजे ताई, यंदा मी लोकांचे कपडे माळ्यावर चढवायचे नाहीत? दरवर्षी चढ-उतार करून गुडघे गेले हो माझे."

"नाही चढवायचे मावशी. बिनधास्त राहा."

भावानं दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या घरमालकाला नाही म्हणून कळवलं.

त्यानंतर बारा दिवसांनी स्थायी समितीची सभा झाली. बाजाराचे नगरसेवक, ज्यांना सगळे शेठ म्हणत, त्यांनी यादी हातात घेतली आणि चष्म्यावरून बाईंकडे पाहिलं.

"बाई, पाणी तुम्ही मोजलंत. वजनं तुम्हीच ठरवलीत. गुणही तुम्हीच दिलेत. आणि पहिलं काम नेमकं आलं ते तुमच्या भावाच्या दारात. आता हा योगायोग म्हणायचा, की मोरीलासुद्धा नातीगोती कळतात?"

सगळी खोली हसली. बाईंनी शहर अभियंत्यांकडे, म्हणजे साहेबांकडे पाहिलं. साहेबांनी दोन वर्षं प्रत्येक आकडा डोळ्यांखालून घातला होता. ते एका शब्दानं काही बोलले असते तरी पुरलं असतं. ते हातातल्या पेनाचं टोपण लावत बसले. मग म्हणाले, "एकदा फेरतपासणी करून आणा, बाई. दोन दिवसांत."

एकोणीस वर्षांच्या नोकरीत बाईंनी ठेकेदाराच्या पैशाचा चहासुद्धा घेतला नव्हता. त्या जिना उतरल्या तेव्हा त्यांचे कान तापले होते. जिन्यात दोन कारकून बोलत उभे होते. बाई आल्यावर ते गप्प झाले, आणि त्यांचं ते गप्प होणंच बाईंना सभेतल्या हसण्यापेक्षा जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत, काका डबा धुवायला गेले असताना, बाईंनी संगणकावर तो तक्ता उघडला. मालाच्या नुकसानीचं वजन पंधराचं पंचवीस केलं. स्वतः बाहेर पडू न शकणाऱ्या माणसांचं पंचविसाचं पंधरा केलं. बस्स, एवढंच. बाजाराला एकोणऐंशी गुण झाले, आळीला शहात्तर. मोजलेला एकही आकडा खोटा नव्हता. व्यापाऱ्यांचं नुकसान होत नव्हतं का? होतंच होतं. आळीचं पुढच्या वर्षी होईल. बाईंनी स्वतःला असं चार-पाच वेळा सांगितलं आणि छपाईची कळ दाबली.

काकांना निवृत्त व्हायला सहा महिने उरले होते. नकाशावर कामांचे क्रमांक घालायचं काम त्यांचं. त्यांनी नवा कागद पाहिला, जुना काढला, दोन्ही शेजारी ठेवले.

"वजनं बदलली?"

"फेरतपासणी करा म्हणाले ना."

"बाई," काका हळू म्हणाले, "पाण्याची कामं खालून वर करायची असतात. हे मी तुम्हाला शिकवायचं का? वरचं गटार रुंद केलं आणि खालची मोरी तशीच ठेवली, तर सगळं पाणी दुप्पट वेगानं येऊन आळीत पडेल. आज येतंय ते परवडलं."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"अट घालते."

त्यांनी अट घातली. खालची मोरी मोठी होईपर्यंत बाजाराचं नवं गटार तिला जोडू नये. शेवटच्या चेंबरमध्ये विटांची भिंत ठेवावी. तोवर जुनं गटार चालू ठेवावं. भाषा स्पष्ट होती, शंकेला जागा नव्हती. अट आराखड्याच्या सत्तेचाळिसाव्या पानावर होती. सत्तेचाळिसावं पान कोण वाचतं?

"भावाला सांगितलंत?" काकांनी विचारलं.

"सांगते."

नाही सांगितलं. त्या तीनदा सांगायच्या ठरवून गेल्या. एकदा भाऊ खळ ढवळत होता आणि मोठी ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात होता. एकदा बाबांना ताप होता. तिसऱ्यांदा भावजयीनं स्वतःहून विचारलं, "ताई, मोरीचं काम कधी सुरू होणार?" आणि बाईंच्या तोंडून निघून गेलं, "जरा लांबलंय." तेही खोटं नव्हतं. टेकडीवरच्या खोल्या तोवर दुसऱ्या कोणी घेतल्या होत्या.

बाजाराचं काम झपाट्यानं निघालं. सरकारचा पैसा आला, पालिकेनं आपला हिस्सा भरला, नारळ फुटले, फोटो निघाले. पण बाजाराचा रस्ता अरुंद. नव्या गटाराला जागा होईना म्हणून ठेकेदारानं जुनं गटार सरळ उखडून टाकलं. बाईंना कळलं तेव्हा दोनशे फूट उखडून झालं होतं. त्या धापा टाकत साहेबांच्या खोलीत गेल्या.

"साहेब, जुनं गटार गेलं तर बाजाराचं पाणी जाणार कुठं? पुढं भिंत आहे."

"आता खोदलंय, बाई. करू दे पूर्ण. पाऊस लागेपर्यंत मोरीचंही बघू."

"मोरीला पैसा कुठाय?"

"तेच तर म्हणतोय, बघू."

बाईंनी पत्र लिहिलं. पंप बसवा, निदान पावसाळ्यापुरते. उत्तर आलं, तरतूद नाही. दुसरं पत्र लिहिलं, तिसरं लिहिलं. दुसऱ्याला उत्तर आलं नाही, तिसरं आवक टपालाच्या गठ्ठ्यातच पडून राहिलं. त्या दिवसांत बाईंना झोप लागेनाशी झाली. जेवताना घास हातात राहायचा. पावसाचे पहिले पंधरा दिवस बेताचे गेले, आणि बाई रोज सकाळी पर्जन्यमापकाचा आकडा बघून मनातल्या मनात हात जोडायच्या. ज्या आकड्यांच्या जोरावर त्या आयुष्यभर ताठ उभ्या राहिल्या, त्यांच्यापुढं आता पदर पसरल्यासारखं चाललं होतं.

तिसऱ्या आठवड्यात, एका बुधवारी दुपारी बाराला पाऊस सुरू झाला. एक वाजता शाळेच्या शिपायाचा फोन आला. तासात बासष्ट मिलिमीटर. बाईंनी रेनकोट चढवला, काकांनी छत्री घेतली, आणि दोघं बाजाराच्या खालच्या टोकाला, त्या शेवटच्या चेंबरपाशी पोचले.

बाजारात गुडघ्याच्या वर पाणी होतं. चपला, खोकी, भाजीच्या टोपल्या तरंगत होत्या. चेंबरचं झाकण काढलेलं होतं. आत भिंतीच्या एका बाजूला पाणी काठोकाठ, दुसऱ्या बाजूला तळाशी नुसता चिखल. दुकानदार जमले होते. शेठ कमरेपर्यंत भिजून उभे होते; त्या दिवशी त्यांना विनोद सुचत नव्हता.

"फोडा ती भिंत, बाई! कशाची वाट बघताय?"

"फोडली तर हे सगळं आळीत जाईल. मोरी पेलणार नाही."

साहेबांचा फोन आला. "बाई, बाजार बुडतोय. भिंत काढा."

"साहेब, आळी रिकामी करू द्या. एक तास."

"अर्धा तास. मग मी जबाबदार नाही."

बाईंनी आधी भावाला फोन लावला. तो वाजत राहिला, बंद झाला. भावजयीला लावला. तिनं उचलला.

"बाबांना घेऊन शाळेत जा. आत्ताच्या आत्ता. सामान उचलत बसू नका."

"अहो ताई, पण इथं तर अजून घोटाभरच—"

"येतंय. भरपूर येतंय. मोरीचं काम झालेलं नाही आणि यंदा होणारही नाही. मला चार महिन्यांपासून माहीत आहे. मी सांगितलं नाही तुम्हाला. जा म्हणते ना! शेजाऱ्यांनाही सांगा."

पलीकडून फोन बंद झाला.

काका आळीकडे निघाले. साठीला टेकलेला माणूस, छत्री टाकून देऊन पाण्यातून पळत गेला. आळीत चाळीसेक दारं होती. बाईंनी अग्निशमनला फोन केला. वाटेत झाड पडलंय, गाडी वळवून आणतो म्हणाले. मग त्या चेंबरच्या कडेवर, अगदी भिंतीच्या डोक्याशी उभ्या राहिल्या. कोणाला भिंत फोडायची तर आधी त्यांना बाजूला करावं लागेल.

दहा मिनिटं गेली. पंधरा. पाणी चढतच होतं. एक धान्यवाला म्हातारा बाईंच्या समोर येऊन उभा राहिला.

"बाई, आयुष्याची सगळी कमाई आत आहे माझी. पोती फुगून फुटायला लागलीत. हात जोडतो."

"अहो, खाली माणसं आहेत."

"आणि आम्ही कोण आहोत?"

त्याचंही खरंच होतं. मागून कोणीतरी पहार आणली. गर्दी पुढे सरकली. शेठ ओरडले, "अरे, भावाचं घर वाचवतेय ती! तुमची दुकानं गेली तिकडं!"

बाईंच्या आत काहीतरी तुटलं. एवढ्या मोठ्या आवाजात त्या जन्मात कधी बोलल्या नव्हत्या.

"भावाचं घर पहिलं होतं यादीत! पहिलं! मी ते दुसरं केलं! तुम्ही हसलात म्हणून केलं! तुमच्या हसण्याला भिऊन मी अख्खी आळी खाली ढकलली, ऐकताय का?"

कोणीही ऐकलं नाही. पत्र्यांवर पाऊस आदळत होता, आणि ज्याचं दुकान बुडतंय त्याला यादीचं काय? दोघांनी बाईंचे दंड धरले, उचलून बाजूला ठेवलं, अगदी सामान ठेवावं तसं. पहिल्या घावाला विटा हलल्या. तिसऱ्याला भिंत गेली. आतून असा आवाज आला की फोडणारेही मागे सरले. बाईंनी घड्याळ पाहिलं. बावीस मिनिटं झाली होती.

त्या आळीकडे धावत सुटल्या. वाटेत दोनदा पडल्या. पायांखाली, रस्त्याच्या पोटातून, तेच पाणी त्यांच्या पुढं धावत होतं. जाळ्यांमधून त्याचा घुमणारा आवाज येत होता आणि त्याला गाठायचा काही उपाय नव्हता. आळीच्या तोंडाशी पोचल्या तेव्हा घरांच्या खिडक्यांपर्यंत पाणी होतं. शाळेच्या पायऱ्यांवर काका उभे होते. आवाज पूर्ण बसलेला, बोटांवर माणसं मोजत होते.

आत वर्गात, बाकावर बाबांना निजवलं होतं. भावानं आणि दोन शेजाऱ्यांनी दाबयंत्राच्या फळीवर घालून त्यांना आणलं होतं. ओठ निळे पडले होते, पण श्वास चालू होता. भाऊ त्यांचे तळपाय चोळत होता. त्यानं मान वर केली नाही.

"मावशी कुठाय?" बाईंनी विचारलं.

भावजय भिंतीला टेकून बसली होती.

"आमच्याबरोबर निघाली होती. बाबांचे पाय धरले होते तिनं. निम्म्या वाटेत म्हणाली, लोकांचे कपडे माळ्यावर टाकून येते, दोन मिनिटांचं काम आहे. मी नको म्हणाले. तर म्हणाली, ताई म्हणाल्या होत्या पाणी येणार नाही, म्हणून यंदा सगळं खालीच ठेवलंय."

पाणी ओसरायला पाच वाजले. अग्निशमनच्या माणसांनी मावशीच्या खोलीचं दार ढकललं तर ते उघडेना. आतून इस्त्रीचं जड टेबल तरंगत येऊन दाराला अडकलं होतं. ते तिला आतून सरकवता आलं नव्हतं, आणि मधलं दार पलीकडून बाबांच्या पलंगानं अडवलं होतं. माळ्यावर कपड्यांचे तीन गठ्ठे कोरडे होते.

बाबा नऊ दिवस इस्पितळात होते. वाचले. तिथल्या व्हरांड्यात भाऊ एकदाच बोलला.

"एकदा तरी सांगायचं होतंस, ताई. काय झालं असतं? मी चिडलो असतो. दोन महिने बोललो नसतो तुझ्याशी. पण खोल्या बघितल्या असत्या ना कुठंतरी. आणि मावशीलाही सांगितलं असतं."

माझं चुकलं हे शब्द बाईंनी मनात शंभरदा म्हटले होते. पण तोंडाशी आले की ते इतके हलके वाटायचे की उच्चारायची लाज वाटे. भाऊ उठून औषधं आणायला गेला. बाबा आत पडल्या पडल्या मधूनमधून एकच शब्द विचारत. भावजयीला तो कळायचा, पण ती उत्तर द्यायची नाही. ते मावशीला बोलवत होते.

चौकशी लागली. त्याआधी साहेबांनी बाईंना बोलावून घेतलं, दार लावलं, आणि आराखडा उघडून समोर ठेवला.

"तुमची अट इथं लेखी आहे. पान सत्तेचाळीस. तीन पत्रं आहेत. जुनं गटार ठेकेदारानं तोडलं, भिंत जमावानं फोडली. तुमच्यावर काही येत नाही. मी तुम्हाला सांगतो, तोंड बंद ठेवा. वाचाल."

बाईंनी ते पान पाहिलं. त्यांचीच वाक्यं होती, नेमकी, निर्दोष. त्यांनी आराखडा मिटला.

"साहेब, पहिली यादी तुम्ही पाहिली होती."

"मला आठवत नाही," साहेब म्हणाले.

चौकशी समितीपुढं बाईंनी दोन्ही याद्या ठेवल्या. वजनं कधी बदलली, कोणत्या दिवशी, किती वाजता, सगळं सांगितलं. कोणी दबाव आणला का, असं समितीनं विचारलं. शेठनी आधीच जबाब दिला होता की आम्ही फक्त एक प्रश्न विचारला. आणि ते खरं होतं. "नाही," बाई म्हणाल्या. "मी भ्याले." काकांनीही साक्ष दिली. जाताना ते बाईंना म्हणाले, "मीही तेव्हा गप्पच बसलो. सहा महिने राहिले होते माझे." एवढं बोलून ते गेले, ते पुन्हा पालिकेत आले नाहीत.

बाई निलंबित झाल्या. खालच्या मोरीला सरकारनं खास बाब म्हणून तीन आठवड्यांत पैसा मंजूर केला. त्यासाठी कोणाला काही मोजावं लागलं नाही.

मावशीची मुलगी दुसऱ्या गावी गणवेश शिवायच्या कारखान्यात कामाला होती. खोली रिकामी करायला ती आली आहे असं कळलं, तेव्हा बाई गेल्या. आळीत चिखल वाळून भिंतींना पोपडे धरले होते. मुलगी जमिनीवर बसून भांडी पुसत होती. तिशीची असेल. बाईंनी आपण कोण ते सांगितलं, आणि उभ्या उभ्याच पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं. यादी, सभा, वजनं, आणि बिनधास्त राहा म्हणाल्या होत्या तेसुद्धा. मुलगी हातातलं पातेलं पुसत राहिली. कधीच कोरडं झालं होतं ते.

"फोन कोणाला केलात?" तिनं शेवटी विचारलं.

"भावाला. मग भावजयीला."

"आईकडेपण फोन होता. नंबर होता तुमच्याकडे. तुमच्या बाबांचं काही असलं तर ती तुम्हाला फोन करायची, मला माहीत आहे."

बाईंनी मान हलवली. होता. त्या दिवशी, त्या अर्ध्या तासात, तो त्यांना आठवलाही नव्हता. हे त्यांनी चौकशीत सांगितलं नव्हतं, कारण कोणी विचारलंच नव्हतं. आणि स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

"हे सगळं मला कशाला सांगताय?" मुलगी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "मी काय करू त्याचं? तुम्हाला माफ करू?"

"नाही. तसं नाही."

"मग लिहून द्या."

तिनं पिशवीतून एक वही काढली, मधली दोन पानं फाडली आणि पेनासकट पुढं केली. "वकील म्हणतो, चौकशीचा अहवाल दाबून टाकतील. तुम्ही आत्ता बोललात तसंच लिहा. फोनचंही लिहा."

इस्त्रीचं टेबल तर फोडून बाहेर काढलं होतं. बाई जमिनीवर बसल्या, गुडघ्यावर वही धरली आणि लिहायला लागल्या. अर्ध्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं आणि डोळे मिटून घेतले.

"रडायचं असेल तर नंतर रडा," मुलगी म्हणाली. "मला साडेचारची गाडी आहे."

बाईंनी पेन उचललं. दोन्ही पानं भरली, खाली पूर्ण नाव, हुद्दा आणि तारीख घातली. मुलीनं सगळं वाचलं, एक ओळ परत वाचली, कागद घडी करून पिशवीत ठेवले. मग ती उरलेली भांडी पोत्यात भरायला लागली. पोतं जड झालं होतं. ती एकटीनं उचलायला गेली, पण उचलेना. बाई पुढं झाल्या. मुलीनं क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, आणि दुसरं टोक त्यांच्या हातात दिलं.